दिसलं की हात वर

भिवा कोकरे यांच्याशी बोलायचं असेल तर आधी त्यांच्या समोर जाऊन उभं राहावं लागतं. मागून हाका मारा, हॉर्न वाजवा, काळेवाडीतल्या सगळ्या मंडळांचे डीजे एकदम लावा, माणूस आपल्या तंद्रीत चालत राहतो. नवख्याला वाटतं, काय शिष्ट आहे! शिष्टपणा वगैरे काही नाही. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या दरवाज्यांचे पत्रे ठोकतात, त्या प्रेस शॉपला या माणसाने आपलं तारुण्य आणि दोन्ही कान देऊन टाकले. तारुण्य सगळ्यांचंच जातं. कानांचं वाईट वाटतं, कारण कानात घालायचे बोळे कंपनीत आले तेव्हा भिवाभाऊंना त्यांची गरजच उरली नव्हती.

बायकोने, शालनबाईंनी, हट्ट करून त्यांना कानाचं मशीन घ्यायला लावलं होतं. ते नको तेव्हा शिट्ट्या मारायचं. आता ते शोकेसमध्ये, काचेच्या बदकांशेजारी, डबीत बसून असतं. पाहुणे आले की शालनबाई ते दाखवतात आणि म्हणतात, "हाय की मशीन. घालत्यात कुठं?"

प्रेस शॉपमध्ये तोंडाने बोलून काही उपयोग नसतो. प्रेस खाली आला की जमीन हादरते आणि शेजारचा ओरडत असला तरी त्याचं नुसतं उघडं तोंड दिसतं. म्हणून तिथल्या कामगारांनी आपली आपण एक हातांची भाषा करून घेतली आहे. मूठ वर धरली की मशीन थांबव. तळहात खाली दाबला की दमानं. दोन बोटं ओठांना लावली की चहा. आणि स्वतःच्या मानेवर मागून थाप मारून हात सरळ वर केला की, मागे बघ, क्रेनला लटकलेला लोखंडी साचा तुझ्या डोक्यावर येतोय. ही खूण सगळ्यांत मोठी. तिचा कायदा एकच, दिसलं की हात वर. माणूस कोण, आपला त्याच्याशी दोस्ताना आहे की वाकडं, हे बघत बसायचं नाही. हात आधी, विचार मागाहून. भिवाभाऊंनी या कायद्यात कधी कसूर केली नाही. ज्या सुपरवायझरने त्यांची बढती अडवली होती त्यालाही त्यांनी असाच एकदा वाचवला, आणि दुपारी डबा खाताना त्याच्याच नावाने यथेच्छ बोटं मोडली.

घरात मात्र बहिऱ्या माणसाची वेगळीच गत होते. कोणी त्याचा दुस्वास करत नाही, पण हळूहळू त्याच्याशी कामापुरतंच बोलतात. शालनबाई कानाशी येऊन ओरडायच्या, "पाणी आलं!", "गॅस संपला!", "लाइट घालवा!" एवढंच. आज भाजीवाल्याशी काय झालं, गावाकडं कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं, हे ओरडून सांगण्यासारखं नसतं. शिवाय ओरडून सांगितलं तर शेजारच्या चार घरांना कळतं. आटपाडीकडून आलेला, मूळचा बोलका, भजनात झांजा वाजवणारा हा माणूस असा आपल्याच घरात परक्यासारखा व्हायला लागला होता.

त्यातून त्यांना वाचवलं प्रज्वलने. एकुलता एक पोरगा. तीन-चार वर्षांचा असतानाच त्याने बापाच्या खुणा उचलल्या आणि त्यात स्वतःच्या भर घातल्या. डोक्यावर बोट गरगर फिरवलं की कुकरची शिट्टी, म्हणजे आई तापली आहे. नाक चिमटीत धरलं की खालच्या काकू आल्या आहेत. गाल फुगवला की मास्तर. जेवताना ताटावर दोघांचे हात असे चालायचे की भाकरी तशीच राहायची, आणि मध्येच दोघं एकदम हसत सुटायचे. शालनबाई वैतागायच्या. "काय चाललंय रं माकडांचं?" की लगेच प्रज्वलचं बोट डोक्यावर गरगरायचं. भिवाभाऊंच्या आयुष्यात पोटभर गप्पा मारणारा माणूस असा एकच उरला होता, आणि त्याला अजून मिसरूड फुटलेलं नव्हतं.

मिसरूड फुटलं, कॉलेज आलं, कॉम्प्युटर आला आणि त्या कॉम्प्युटरवरचा तो गेम आला. पाच पोरांचा संघ, समोर दुसरा पाचांचा, बंदुका, बॉम्ब. शालनबाईंनी त्या गेमला सवत म्हणायला कमी केलं नाही. भिवाभाऊंना त्याचा राग नव्हता. पण हल्ली प्रज्वल कानांवर भले मोठे हेडफोन चढवून बसायचा, जेवण तिथेच, नजर पडद्यावर. भिवाभाऊ शिफ्टवरून आले की दारात थोडा वेळ उभे राहायचे. पोराने मान वळवली तर हात हलवायचे. नाही वळवली तर पाय धुवायला जायचे. गप्पा आटत चालल्या होत्या, हे त्यांना कळत होतं. आणि कोणाला बोलून दाखवावं तर ज्याला दाखवायचं तोच वळत नव्हता.

म्हणून एका संध्याकाळी प्रज्वलने स्वतःहून समोर येऊन हात हलवले तेव्हा भिवाभाऊंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आकुर्डीकडच्या एका कॉलेजात स्पर्धा आहे, आम्ही फायनलला पोचलोय, जिंकलो तर बंगळूरला देशभरच्या कॉलेजांशी खेळायचं. माझं शेवटचं वर्ष आहे, पुन्हा संधी नाही. येता का बघायला?

येता का म्हणजे काय! कंपनीची सुट्टी गुरुवारची, फायनल रविवारी. भिवाभाऊंनी रजा टाकली. कारण विचारल्यावर साहेबाला ते एवढ्या मोठ्यांदा "पोराची फायनल हाय!" म्हणाले की ऑफिसातल्या बायकांनी माना वळवल्या. पोरगा जिंकावा असं त्यांना वाटत होतंच. पण खरी आस वेगळी होती. पोरगा ज्या जगात जाऊन बसतो ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघून घ्यायचं, म्हणजे मग जेवताना त्यावर बोलता येईल. बोलायला काही नसल्यामुळे गप्पा आटल्यात, असं त्यांनी स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून भिवाभाऊ प्रज्वलच्या गाडीवर मागे बसून गेले. सभागृहात पोरापोरींची ही गर्दी. निळेजांभळे दिवे, धूर सोडणारं यंत्र. प्रज्वलने त्यांना अगदी पहिल्या रांगेत बसवलं. बाकीच्यांच्या घरचे मागे होते. पण मागे बसून या माणसाला काय कळणार, असा पोराचा विचार. जाताना त्याने खुणेने विचारलं, चहा? भिवाभाऊंनी खुणेने सांगितलं, तू जिंक, मग पाजतो.

खेळाडू स्टेजवर बसले होते, प्रेक्षकांकडे तोंड करून, आपापल्या कॉम्प्युटरमागे. त्यांच्या डोक्यांच्या वर भिंतभर पडदा. आता यातली गोम अशी की खेळाडूला फक्त त्याच्यापुरतं दिसतं, पण वरच्या पडद्यावर प्रेक्षकांना दोन्ही बाजू दिसतात, कोण कुठे लपलाय, कोण कोणाच्या मागे आहे, सगळं.

खेळ सुरू व्हायच्या आधी मोनिका नावाची पंच मुलगी माइकवर येऊन बराच वेळ काहीतरी बोलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भिवाभाऊंनीही वाजवल्या. ती सांगत होती, प्रेक्षकांनी कितीही ओरडावं, खेळाडूंना हेडफोनमधून बाहेरचं काही ऐकू जात नाही. पण कोणीही हाताने, मोबाइलने, कसलीही खूण खेळाडूला करायची नाही. केली तर संघ बाद. पहिल्या रांगेत बसून एवढ्या मनापासून टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला यातलं अक्षर पोचलं नाही, हे कोणाच्या लक्षात येणार? प्रज्वलला नियम पाठ होते. पण आपल्या बापाच्या हातांना तो नियम आधी सांगून ठेवावा, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. त्या हातांची त्याला जन्मापासून इतकी सवय होती की ते कोणाला खटकतील असं त्याला वाटलंच नसणार.

पहिले काही डाव भिवाभाऊंना नुसता चकचकाट दिसला. मग हळूहळू उलगडा व्हायला लागला. एका संघाने बॉम्ब लावायचा, दुसऱ्याने तो लावू द्यायचा नाही. मेला तो त्या डावापुरता बसला. गल्ल्या, भिंती, खोकी, आणि कोण कुठे उभा आहे यावर सगळी मदार. हे तर आपलंच काम झालं की, त्यांना वाटलं. शॉपमध्ये तरी दुसरं काय करतो? कोण कुठे उभा आहे, कोणाच्या मागे काय येतंय, डोळ्यांत तेल घालून बघायचं. प्रज्वल कसा जागा धरून बसतो, घाई करत नाही, हे बघताना त्यांचा ऊर भरून आला. शालनला बोलावायला हवं होतं, असंही त्यांच्या मनात आलं. शेजारच्या अनोळखी पोराला कोपर मारून ते म्हणाले, "निळा शर्टवाला. बघ कसा खेळतोय." पोराने अंगठा दाखवला.

सामना अटीतटीचा झाला. दोन्हींचे डाव बरोबरीत आले आणि शेवटच्या डावावर सगळं येऊन ठेपलं. हा डाव ज्याचा, त्याची बंगळूरची वारी पक्की. पोरं एकेक करून बसत गेली. कॅप्टन रविराज बसला. शेवटी इकडे एकटा प्रज्वल आणि तिकडे दोघं. त्यातला एक त्याने टिपला. सभागृह उभं राहिलं. उरलेला एक, आणि तो पडद्यावर भिवाभाऊंना स्पष्ट दिसला, प्रज्वलच्या मागच्या गल्लीतून दबकत दबकत येणारा. प्रज्वल समोर बघत होता.

भिवाभाऊंची थाप मानेवर पडली आणि हात सरळ वर गेला.

पडद्यावरचा प्रज्वल गर्रकन वळला. गोळी सुटली. मागून येणारा पडला. सभागृहात एकच कल्लोळ झाला, कागदाचे तुकडे उडाले, रविराजने प्रज्वलला खुर्चीसकट मिठी मारली. भिवाभाऊ हसत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. कितीतरी माणसं त्यांनी त्या हाताने वाचवली होती, पण स्वतःच्या पोराला पहिल्यांदाच. तो खेळातला का असेना, मारेकरी तो मारेकरीच.

तेवढ्यात दुसऱ्या संघाचा एक मुलगा स्टेजवरून उतरून मोनिकाला हात वर करून दाखवायला लागला. मानेवर थाप, हात वर. भिवाभाऊंना गंमत वाटली. आपली शॉपातली खूण इथंही चालते की!

दिवे लागले. मोनिका प्रज्वलजवळ गेली. त्याने हेडफोन काढून गळ्यात अडकवले. तिने पहिल्या रांगेकडे बोट दाखवून काही विचारलं. प्रज्वलने एकदा भिवाभाऊंकडे बघितलं, मग रविराजकडे, आणि मान हलवली. नाही. पोरगा दमलाय, पाणी-बिणी विचारत असतील, असं भिवाभाऊंना वाटलं.

मग मोनिका खाली त्यांच्यापाशी आली. दोन-तीनदा बोलून बघितलं, त्यांनी कानाला हात लावून मान हलवली. पोरगी समजूतदार होती. तिने मोबाइलवर मराठीत टाइप करून त्यांच्यासमोर धरलं. "काका, तो खेळाडू तुमचा कोण लागतो?"

अख्ख्या दिवसात बाहेरच्या कोणी त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि तोही असा! बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा निघतो ते कळत नाही. त्यात आनंद झालेला. भिवाभाऊ उभे राहिले आणि छाती काढून म्हणाले, "पोरगा हाय माझा! प्रज्वल! मीच केली खूण त्याला! मागनं येत हुता न्हवं त्यो!"

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. सभागृह असं चिडीचूप झालं की भिवाभाऊंनाही ते चेहऱ्यांवरून कळलं. त्यांनी स्टेजकडे बघितलं. प्रज्वलने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

पुढचं सगळं त्यांना मुक्या चित्रासारखं दिसलं. पंचांची बैठक. रविराज हात जोडून काही सांगतोय. मोनिका मान हलवतेय. मग दुसऱ्या संघाची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली, चषक त्यांना दिला गेला, पुन्हा कागद उडाले. भिवाभाऊ ज्याला त्याला विचारत होते, "काय झालं? जिंकली न्हवं आपली पोरं?" शेजारच्या पोराने मघासारखा अंगठा दाखवला नाही. तो मोबाइलमध्ये बघत राहिला.

खाली पार्किंगमध्ये संघातली पोरं एका कोपऱ्यात उभी होती. प्रज्वल गाडीला टेकून जमिनीकडे बघत होता. भिवाभाऊंनी त्याच्यासमोर जाऊन खूण केली, काय झालं? त्याने मान वर केली नाही. शेवटी रविराजला राहवलं नाही. त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने मोबाइलवर टाइप केलं आणि त्यांच्या हातात दिला. भिवाभाऊंनी तो लांब धरून वाचला.

"खूण केल्यामुळे संघ बाद झाला काका. प्रज्वलने सांगितलं होतं की तो तुम्हाला ओळखत नाही. खोटं बोलला म्हणून त्याला वर्षभर बंदी."

भिवाभाऊंनी ते दोनदा वाचलं. एकदा कळलं नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा कळलं म्हणून. मग मोबाइल परत दिला. "बरं," म्हणाले. पोरं एकेक करून निघून गेली. बापलेक दोघंच राहिले.

राग यायला हवा होता. बापाला ओळखत नाही म्हणणाऱ्या पोराच्या कानाखाली आवाज काढायला हवा होता. पण भिवाभाऊंना राग आला तो आपल्या जिभेचा. पोरानं कष्टानं उभं केलेलं एका वाक्यात पाडलं. त्यांनी प्रज्वलच्या खांद्यावर हात ठेवला आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात, म्हणजे तरीही मोठ्यानेच, म्हणाले, "मला खुणावायचं तरी, बाळा. मी बी न्हाई म्हणलो असतो. मी बी म्हणलो असतो, ह्या पोराला मी वळकत न्हाई."

प्रज्वलने तेव्हा वर बघितलं. रडून चेहरा सुजला होता. त्याचे हात उठतील, निदान एक खूण तरी येईल, म्हणून भिवाभाऊ वाट बघत राहिले. हात उठले नाहीत. तो ओठ सावकाश हलवत तोंडाने बोलला, शब्द तोडून तोडून, जसं बाहेरची माणसं त्यांच्याशी बोलतात तसं.

"पप्पा, मी तुमच्याकडे बघितलंच नव्हतं."

भिवाभाऊंना ओठांवरून अर्धं कळलं. त्यांनी भुवया उडवल्या.

"त्याचे पाय वाजले. हेडफोनमध्ये. मी त्या आवाजावर वळलो." मग त्याने बोटाने आपला कान दाखवला, दोनदा ठोकला. "मला ऐकू येतं, पप्पा. मला ऐकू येतं."

पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याच्या तोंडावर नुसता थकवा होता, आणि खरं सांगून झाल्यावरची लाज. पंचांना त्याने एक खोटं सांगितलं नसतं तर हे खरं त्यांनाही पटलं असतं कदाचित. आता कोण ऐकून घेणार? भिवाभाऊंच्या हातातून काहीतरी निसटल्यासारखं झालं. त्यांनी वर केलेल्या हाताने पोरगा वाचला नव्हता. त्याला वाचवायला त्यांची गरज नव्हती. लहानपणी तो खुणांनी बोलायचा ते बापाला ऐकू येत नाही म्हणून, बापाची दया येऊन. स्वतःला लागतात म्हणून नव्हे. हे काही गुपित नव्हतं. पोरगा ऐकता आहे हे सगळ्या जगाला ठाऊक होतं, त्यांनाही. पण इतकी वर्षं ते असंच धरून चालले होते की या भाषेत आम्ही दोघं आहोत. तिच्यात ते एकटेच होते.

घरी येताना ते गाडीवर मागे बसले. वाटेत एकदा सवयीने प्रज्वलच्या खांद्यावर थोपटलं, डावीकडून ट्रक येतोय म्हणून. त्याने खांदा जरासा आकसून घेतला. पुढे काळेवाडीतल्या घरापर्यंत भिवाभाऊंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

प्रज्वल आल्या आल्या आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. शालनबाई चहा घेऊन आल्या. दोघांची तोंडं बघून त्यांच्या लक्षात आलंच होतं. कानाशी वाकून विचारलं, "हरली का पोरं?"

भिवाभाऊंनी होकाराची मान हलवली.

"मग येवढं काय झालंय? पुढल्या वर्षी जिंकतील. काय म्हणतोय त्यो?"

भिवाभाऊ बंद दाराकडे बघत होते. शालनबाईंनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा जोरात, "अवं, काय म्हणला प्रज्वल तुमाला?"

"काय न्हाई," ते म्हणाले. "ऐकू येतं म्हणला त्याला."

शालनबाईंना काही बोध झाला नाही. त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. "मग येतंच की," त्या म्हणाल्या. "चांगलंच हाय न्हवं? देवाचे उपकार."

"व्हय," भिवाभाऊ म्हणाले. "चांगलंच हाय."

आणि चहाचा कप तसाच हातात धरून, बायकोच्या देखत, तो माणूस हुंदके देऊन रडायला लागला. आपल्या रडण्याचा आवाज किती मोठा होतोय, हेही त्याला कळत नव्हतं. दाराच्या पलीकडे मात्र तो नीट ऐकू जात असणार. दार उघडलं नाही.